मिठात ठेवलेला खुबा

मित्रांनो, मी एक जुना गोळा आहे. तोफेचा नव्हे आणि रवाळ लाडवाचाही नव्हे. मी एका बाईच्या उजव्या खुब्यातला हाडाचा गोळा आहे. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला, कमरेच्या खोबणीत जो बसतो, तो मी. तुमच्याही आत माझे दोन भाऊबंद आत्ता बसलेले आहेत. मांडी घालून वाचत असाल, तर ते आतल्या आत थोडे फिरले असतील. घाबरू नका, ते बोलणार नाहीत. हाडाला वाचा फुटते ती बाहेर काढल्यावर.

माझ्या मालकिणीचे नाव आवडाबाई. ती आईच्या पोटात होती तेव्हाच मी तयार होऊ लागलो. पहिल्यांदा मी शहाळ्यातल्या खोबऱ्यासारखा मऊ होतो. ती रांगली, चालली, चिंचेवर चढली, तसा मी कडक होत गेलो. लग्न होऊन ती कोंडाजीच्या घरी आली तेव्हा मी ऐन भरात होतो. तळे नावाच्या बाजारगावाच्या खालच्या अंगाला, खाडीच्या काठी भातशेती करणाऱ्यांची एक वाडी आहे, तिथे तिचे घर. तिच्या डोक्यावर हंडा असे आणि कडेवर तिचा मुलगा अंबाजी. कडेवर पोर म्हणजे माझ्याच बोडक्यावर पोर. शिवाय चुलीपुढे उकिडवे बसणे, लावणीत दिवसभर वाकणे, सारवणे, झोडणी. मी कधी हूं की चूं केले नाही. माझे कोणी नावही घेतले नाही. दुखत नाही तोवर हाडाची आठवण कोणाला होते?

देश स्वतंत्र झाला त्या वर्षीच्या लावणीत मी पहिल्यांदा कुरकुरलो. आवडाबाई चिखलात थांबली, कमरेवर हात ठेवला आणि पुन्हा वाकली. शेजारची ठमी म्हणाली, "काय गं, काय झाला?"

"काय न्हाय," आवडाबाई म्हणाली.

त्या वाडीची एक रीत होती. चिखलात उभे राहून दुखणे बोलायचे नाही. बोलले तर चिखल ते धरून ठेवतो, मग ते कधी सुटत नाही, असे बायका मानत. आता पावसाचे चार महिने त्यांचे पाय चिखलातच. तेव्हा बोलायचे कधी? पाणी ओसरल्यावर बोलावे, तर तोवर सवय झालेली. आवडाबाईने वर्षानुवर्षे तोंड उघडले नाही. इकडे माझ्या अंगावरची गुळगुळीत साय झिजत गेली. हाडावर हाड घासू लागले. माझ्या कडांना काटे फुटले. तिला चुलीपुढून उठताना आधी जमीन, मग भिंत, मग खुंटी धरावी लागे.

शेवटी पाय आखडला आणि दुखणे लपेना. मग काय, जो तो वैद्य. निर्गुडीच्या पानांचा शेक झाला. एरंडाची पाने बांधून झाली. कसले कसले तेल चोळून झाले. त्याने वरचे मांस सैल पडे, जरा बरे वाटे, पण मी फार खोल होतो. तळ्याच्या बाजाराला एक म्हातारा डाग द्यायला येई. त्याने लोखंड लाल करून तिच्या खुब्यावर टेकवले. कातडी चरचरली. ती दातांत पदर धरून पडून राहिली. मला त्याचा काही उपयोग झाला नाही, हे मी आतून ओरडून सांगत होतो.

अंबाजी मुंबईला एका मोठ्या इस्पितळात वॉर्डबॉय होता. तो शिमग्याला घरी आला आणि आईला चौपायासारखी सरकताना पाहून उंबऱ्यातच बसला. दुसऱ्याच दिवशी डोलीत घालून तिला धक्क्यावर नेली, होडीतून मोठ्या बोटीवर चढवली. मुंबईत प्रथम गोळ्या मिळाल्या. त्यांनी पोटात आग पडली. मग सांध्यात सुई टोचून औषध सोडले. काही महिने मी गप्प होतो, मग पुन्हा सुरू. तेव्हा फोटो काढला. आतला फोटो. तो माझा पहिला फोटो, आणि काय माझा अवतार होता! डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि जिभेने चुक् केले.

अंबाजीने कॉटपाशी बसून आईला समजावले.

"आय, खुबा कायमचा सांधून टाकतील. मंग दुखणार न्हाय. पर पाय लाकडावानी ताठ ऱ्हाईल, बसता यायचा न्हाय."

"मंग ज्येवू कशी? हुबी?"

"न्हायतर हाय तसाच ठेवायचा. काठी घ्यायची, गोळ्या खायच्या. आनि तिसरा, डाक्तर बोलतात, ह्यो गोळा काढून पोलादाचा घालू. चालशील. पर उकिडवी बसायची न्हाय, मांडी घालायची न्हाय. नवीन काम हाय. हमी कोन देत न्हाय."

मग आवडाबाईने जे विचारले ते इस्पितळात त्याआधी कोणी विचारले नसेल.

"काढलेला हाड कुठं जातो?"

"जातो कुठंतरी. जालतात, टाकतात."

"न्हाय," ती म्हणाली. "पोराची नाल आपन अंगनात पुरतांव. पडलेला दात कौलावर टाकतांव. आनि माजा एवढा हाड कुठंतरी? मला पुरी जालायची हाय, अंबाजी. अर्धी गेल्यावर अर्धी मागं ऱ्हाते. ती फिरते. हाड माज्या हातात देनार असशील तर कापा."

अंबाजीने आईच्या पायाला हात लावून वचन दिले.

मित्रांनो, हाडाने उजेड पाहू नये. मी पाहिला. पांढरा, दिव्यांचा, थंड. करवतीचा आवाज झाला आणि जन्मभराची ऊब एकदम गेली. मला काचेच्या बाटलीत, दर्प येणाऱ्या पाण्यात सोडले आणि एका फळीवर ठेवले. तिथे आणखी बाटल्या होत्या. त्यांत कोणाकोणाचे काय काय होते. कोणी कोणाशी बोलत नव्हते. सगळे एकाच बाजूला, दाराकडे तोंड करून होते.

माझ्या जागी जो बसला, तो मी पुसटसा पाहिला होता. चकचकीत पोलादी गोळा, खाली लांब दांडा. ना त्याला आई, ना त्याला बालपण. मला त्याचा रागच आला. जन्मभर मी हंडे वाहिले आणि आयत्या बिळावर हा नागोबा.

अंबाजीने वचन पाळले. आवडाबाई कुबड्या टाकून काठीवर आली, घरी परतली, तेव्हा मी तिच्या बोचक्यात होतो. तिने मला उन्हात सुकवले, चिनी मातीच्या बरणीत जाड मिठात पुरले आणि तोंडाला लाल कापडाचा दादरा बांधला. "मी मेलू की ह्यो माज्या संगती," तिने कोंडाजीला बजावले. त्याने मान हलवली. फळीवर शेजारी तश्शीच दुसरी बरणी होती, पांढऱ्या दादऱ्याची. तिच्यात मिठातले आंबे. रायवळ, लहान, मिठाने सुरकुतलेले. जागा थोडी, म्हणून दोन्ही बरण्या पोटाला पोट लावून होत्या.

आता ऐका. काही दिवसांत बरणीतले मीठ दबून खाली बसले आणि मी वर मोकळा राहिलो. एका दुपारी आवडाबाई अंगणातून विहिरीकडे निघाली. काठी, पाऊल, काठी, पाऊल. तिने नव्या पायावर भार टाकला आणि मी बरणीत आपोआप हललो. टक. पुन्हा पाऊल. टक. मी स्वतःहून काही करत नव्हतो. ती विहिरीशी थांबली, मीही थांबलो.

कोंडाजी माजघरात विडी ओढत होता. त्याने फळीकडे पाहिले. त्याला मोतीबिंदू झालेला, दिसे कमीच. कोणती बरणी वाजते ते त्याला कळेना, कारण एक हलली की दुसरीही किणकिणे. त्याने बायकोला सांगितले. ती हसली नाही.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "मी चालतंय ना, तो पन चालतो."

पुढे घराला सवय झाली. सून राही भाकरी थापता थापता सांगे, "आत्याबाय आल्या," कारण फळीवर टक टक सुरू झालेले असे आणि आवडाबाई अजून बांधावर असे. नव्या माणसाला मात्र त्या घरात पाणी प्यायला नको वाटे.

बाहेर त्या पोलादाचे कौतुक चालले होते. आवडाबाई तळ्याच्या बाजारापर्यंत चालत जाई. बायका तिचा खुबा चाचपून पाहत. पोरे तिला 'लोखंडी आजी' म्हणत, आणि ती काठी उगारून हसे. उंच पाटावर बसून ती चूल सांभाळी. लावणीत उतरत नसे, पण बांधावर उभी राहून बायकांना हाक मारी, "दुखत असेल तर बोला गं, चिखल काय खात न्हाय." तिने वाडीची रीत मोडली म्हणून म्हाताऱ्या कुजबुजत. माझ्याकडे ती अधूनमधून येई. दादरा सोडून, बोट आत घालून म्हणे, "हायस ना रं?" बस्स, तेवढेच. त्या एका बोटासाठी मी महिनोन्महिने मिठात पडून राहत असे.

असे काही वर्षे चालले. मग एका आश्विनात तिला ताप भरला. घरात कामाला हात कमी पडू लागले, म्हणून ठमी मदतीला आली. चांगल्या मनाची बाई, पण तिला स्वच्छतेचे वेड. तिने दोन्ही बरण्यांचे दादरे सोडले, धुतले, वाळवले आणि कोणता कशावरचा ते न पाहता पुन्हा बांधले. लाल दादरा आंब्यांवर बसला. पांढरा माझ्यावर. मी सगळे पाहिले. सांगणार कसे? आवडाबाई तर अंथरुणावर होती. ती चालत नव्हती, म्हणून मला हलताही येत नव्हते.

मग एका रात्री चौथ्या प्रहरी ती गेली. अंबाजी मुंबईत, त्याला यायला वेळ लागणार. कोंडाजीनेच अग्नी द्यायचे ठरले. माणसे खोळंबली, खाडीकाठच्या स्मशानात भरतीचे पाणी शिरायची वेळ होत आली. कोंडाजी माजघरात आला. त्याचे डोळे आधीच मोतीबिंदूचे, त्यात पाण्याने भरलेले. त्याने लाल कापड तेवढे ओळखले. मिठात हात घालून पहिली हाताला लागली ती गोल, सुरकुतलेली, खारट वस्तू काढली, तिच्याच लुगड्याच्या तुकड्यात बांधली आणि छातीशी धरून निघून गेला.

मित्रांनो, माझ्या आवडाबाईबरोबर चितेवर मिठातला आंबा जळला. मी शेजारच्या बरणीत होतो.

तिसऱ्या दिवशी राख सावडताना कोंडाजीला तो पोलादी गोळा सापडला. काळा पडलेला, पण शाबूत. त्याने राख आणि अस्थी खाडीत सोडल्या. गोळा मात्र ठेवून घेतला. त्याची समजूत अशी की ही इस्पितळाची वस्तू, सरकारी; परत न दिली तर अंबाजीच्या नोकरीवर येईल. त्याने तो पंच्यात गुंडाळून कमरेला खोचला, आणि हरवू नये म्हणून तो तिथून काढीना.

त्याच दुपारी घरात सामसूम होती. राही तांदूळ निवडत होती. कोंडाजी खांबाला टेकून बसला होता. आणि मी हललो.

टक.

मला स्वतःलाच भीती वाटली. कारण मी तेव्हाच हलतो जेव्हा ती चालते. टक. टक. पाऊल तेच होते, तीच लय, काठीसाठी मध्ये सोडलेली तीच जागा. ती कुठेतरी चालत होती. जवळ नव्हती, कारण आवाज फार बारीक उमटत होता. कुठे जायचे ते ठाऊक नसल्यासारखी ती चालत होती, थांबत होती, वळत होती. राहीने सूप खाली ठेवले. कोंडाजीने फळीकडे पाहिले नाही. दोघांनी ऐकले. अंबाजी आला, त्यानेही ऐकले. तो म्हणाला, "उंदीर असतील," आणि अंगणात जाऊन बसला.

दहाव्याला सगळे खाडीवर गेले. राही बायकांबरोबर बांधावर उभी होती. अंबाजीने पिंड मांडले. तिवरांच्या झुडपांवर कावळे होते, पण एकही खाली येईना. आले, बसले, मान वाकडी करून पिंडाकडे पाहिले, उडून गेले. ऊन वर चढले.

"आय, बापाला मी संभालीन," अंबाजी म्हणाला. कावळा हलला नाही.

"तुजी तांबडी गाय इकनार न्हाय," कोंडाजी म्हणाला. "तुजा हाड दिला ना गं तुज्यासंगती? आता काय ऱ्हायला?"

विधी करायला आलेल्या भटजींनी विचारले, "तिला खायला काय आवडे?"

"प्येज आनि मिठातला आंबा," राही बांधावरून म्हणाली. "मी आनतंय."

ती धावत घरी आली. घर रिकामे, दार ढकललेले. माजघरात पाऊल टाकले आणि ती थबकली. मी जोरजोरात वाजत होतो, इतका की दोन्ही बरण्या थरथरत होत्या. आवडाबाई खाडीकाठी कुठेतरी येरझारा घालत होती, आणि मला थांबता येत नव्हते.

"आत्याबाय?" राही हळूच म्हणाली.

मी थांबलो. म्हणजे तीच थांबली.

राहीने पांढरा दादरा सोडला आणि आंब्यासाठी मिठात हात घातला. तिची बोटे माझ्यावर पडली. आंबा मऊ असतो, दाबला की दबतो. मी दबलो नाही. तिने मला उजेडात काढले, पाहिले आणि तशीच जमिनीवर बसली. मग तिने लाल दादरा ओढून काढला. आत आंबे होते. सगळे तिच्या ध्यानात आले. ती रडली नाही. तिने मला ओच्यात घेतले, एक आंबाही घेतला आणि पळत सुटली.

खाडीवर तिने मला पिंडाशेजारी ठेवले आणि सासऱ्याला एवढेच म्हणाली, "मामंजी, त्या दिशी आंबा गेला. ह्यो ऱ्हायला."

कोंडाजी गुडघ्यांवर बसला. त्याने मला चाचपले, पुन्हा पुन्हा चाचपले. "चुकलू गं," तो म्हणाला.

मला वाटले, आता झाले. मी आलो ना. मी तिचा जन्मापासूनचा. एक कावळा खाली आला, माझ्याभोवती फिरला, आंब्यालाही त्याने टोचून पाहिले नाही. पिंडापासून वीतभर अंतरावर थांबला. थांबलेलाच राहिला. पाणी चढू लागले होते.

अंबाजी बापाच्या कमरेकडे पाहत म्हणाला, "बा, त्या पंच्यात काय हाय?"

"तुज्या हास्पिटलचा गोला. परत द्यायला ठेवलाय."

"तो परत कोन मागत न्हाय, बा. त्याच्यावर आय चालली. तो आयचाच हाय."

कोंडाजीने गाठ सोडली. काळवंडलेला पोलादी गोळा त्याने माझ्याजवळ पानावर ठेवला. त्याला कोणी हात लावला नव्हता, वाराही नव्हता. तो आपल्या दांड्यावर हळूच कलंडला आणि मला टेकला. टक.

कावळा पिंडाला शिवला.

तेव्हा मला कळले. मी समजत होतो, ती मला शोधत फिरते आहे. ती दोघांनाही शोधत होती. अर्धा जन्म ती माझ्यावर उभी राहिली आणि मी तिला पाडले, तेव्हा ज्याने उचलले त्याला ती सोडून जाणार नव्हती. त्या दिवसानंतर त्या माजघरात टक झाले नाही. कोंडाजी खाली बसून मोकळेपणाने रडला.

आम्हा दोघांना त्याने एकत्रच खाडीत सोडले. आता आम्ही चिखलात शेजारी शेजारी आहोत. पोलाद काही बोलत नाही. मीच बोलतो, त्याची आता सवय झाली आहे. आणि मित्रांनो, वाडीतल्या बायकांची ती समजूत निम्मी खरी होती. चिखल दुखणे धरून ठेवतो. पण बोललेले नव्हे, न बोललेले. इथे खाली त्याचा खच आहे. खाचरांतून पाण्याबरोबर ते वाहत येते आणि माझ्या अंगावर बसते. म्हणून आता बांधावरून कोणी दुखरा खुबा गुपचूप ओढत गेले, की मी हलतो आणि पोलादाला लागतो. ती माझी आवडाबाई नसते. कोणीही असते.

भरती उतरल्यावर तुम्ही खेकड्यांसाठी या बाजूला आलात आणि चिखलातून टक ऐकू आले, तर उकरू नका. आम्हाला राहू द्या. फक्त मागे वळून बांधाकडे बघा, कोण चालले आहे ते. आणि आज घरी गेलात की तुमची आई जमिनीवरून कशी उठते तेही बघा. आधी जमीन धरते का, मग भिंत, मग खुंटी? धरत असेल तर तिला विचारा. ती म्हणेल, "काय न्हाय." तुम्ही पुन्हा विचारा.

सकाळपासून इथे टक टक चालले आहे. पाऊल तुमच्या घराकडे वळते आहे.